आधी पाणी

केप कोस्टच्या आराबाने आईच्या हातचा काळा ठेचा परदेशी पाठवायचा चंग बांधला, तेव्हा धंद्याचे धडे द्यायला हॉलंडहून योरिस आले. केप कोस्टच्या रीतीप्रमाणे पाहुण्याला आधी पाणी द्यायचं, मग येण्याचं कारण विचारायचं. पण पोट बिघडेल म्हणून योरिसनी पेला बाजूला सारला.

"मॅडम, तिखट निम्मं करा. आमच्याकडे खपणार नाही."

"आईची चव निम्मी करू? त्यापेक्षा धंदा नको. चाखा तर, पाहुणे!"

योरिसनी चमचाभर चाखला. घामाच्या लोंढ्यात अंगणातल्या कोंबड्या पोहू लागल्या. अख्खा माठ रिचवून त्यांनी दुसरा चमचा मागितला.

"आता बोला, काय काम काढलंत?" आराबाने ताठ मानेने विचारलं.

"तिखट कणभरही कमी करू नका. फक्त बाटलीवर छापा, 'आधी पाणी प्या'."