टेम्पो थांबतो तिथून पुढे

साळूबाईंनी पिशवीतून लादीचा तुकडा काढला आणि अनिलशेठच्या टेबलावर ठेवला. वरचा चकचकीत थर जागोजागी पापुद्र्यासारखा उडाला होता. त्याचीच धार लागून त्यांच्या टाचेला फडकं बांधायची वेळ आली होती.

शेठनी तुकडा उचलून उजेडात धरला. महाडच्या बाजारात त्यांनी वीस वर्षं लाद्याच विकल्या होत्या. माल खराब निघालाय, हे त्यांना एका नजरेत कळलं आणि त्यांनी ते नाकारलंही नाही.

"कंपनीची चूक आहे, मावशी. चाळीसच्या चाळीस बॉक्स बदलून देतो. उद्या गोडाऊनमधून उचला."

"आनि बसवलेल्या हायत त्या काडनार कोन?"

"म्हणजे?"

"फोडायला गवंडी लागंल, परत बसवायला लागंल. शिमिट, रेती लागंल. आनि टेम्पो खाली ओढ्यापाशीच थांबतो. तिथनं माजं घर पाऊण तासाच्या चढनीवर हाय."

शेठ हसले. हसण्यात कुजकेपणा नव्हता. बाई भोळी आहे, असं त्यांना खरोखरच वाटलं असावं.

"मावशी, मी लाद्या विकतो. डोंगर नाही विकत. तुमचं घर वर आहे त्याला मी काय करू?"

साळूबाईंनी तुकडा पिशवीत घातला आणि पोलादपूरची एसटी धरली.

रात्रपाळ्या करून साठवलेले पैसे त्यांच्या प्रवीणने मुंबईहून पाठवले होते आणि त्यातून घराला लाद्या लागल्या होत्या. त्या वर आणल्या त्या वाडीतल्या बायकांनी. डोक्यावर चुंबळ ठेवून चार दिवस त्या वरखाली करत होत्या. कुणी एक रुपया घेतला नव्हता. रंगूबाईची तर मान आठवडाभर वळत नव्हती. त्याच बायकांना आता परत कुठल्या तोंडाने सांगायचं? सगळं अडलं होतं ते तिथेच.

"आई, मिळतंय ते घे," प्रवीण फोनवर म्हणाला. "केस करायची तर अलिबागला जावं लागंल. खेपा कोन घालनार?"

"मी," साळूबाई म्हणाल्या आणि फोन शेजारच्या अंकिताच्या हातात दिला. अंकिता महाडला कॉलेजात होती. साळूबाईंनी सांगायचं आणि तिने लिहायचं, अशी दोन दुपारी बसून त्यांनी ग्राहक आयोगाची तक्रार तयार केली. वकील केला नाही.

अलिबागच्या तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला दुकानाचे वकील उठले आणि सरळ मुद्द्यावर आले.

"लाद्या बदलून द्यायला आम्ही पहिल्या दिवसापासून तयार आहोत. राहिला वर नेण्याचा खर्च. पहिल्या वेळी वाडीतल्या बायकांनी फुकट नेल्या, हे तक्रारदारांनीच लिहून दिलंय. जो खर्च झालाच नव्हता, तो आता कुठून आला?"

आयोगाच्या अध्यक्षबाईंनी साळूबाईंकडे पाहिलं. साळूबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी पदर खांद्यावर ओढला. आवाज शेताच्या बांधावरून हाक मारावी तसा निघाला.

"तवा बायांनी माज्या घरासाठी वजं उचललं, बाई. आता ते शेठच्या चुकीचं वजं हाय. ते त्यांनी फुकट का उचलावं?"

अध्यक्षबाईंनी मान खाली घालून लिहायला घेतलं. बराच वेळ त्या लिहीत होत्या.

निकाल महिन्याभराने लागला. जुन्या लाद्या फोडणं, नव्या वर नेणं, बसवणं, सगळं दुकानाच्या खर्चाने. साळूबाईंच्या अलिबागच्या खेपांचं भाडंही वेगळं. अंकिताने कागद मोठ्याने वाचला, तेव्हा वाडीतल्या बायकांनी तिला तोच परिच्छेद दोनदा वाचायला लावला.

ठरल्या दिवशी टेम्पो ओढ्यापाशी येऊन थांबला. बरोबर शेठ, एक गवंडी आणि महाडचे दोन हमाल. हमालांनी एकेक बॉक्स वर नेला, खाली आले, ओढ्यात तोंड धुतलं आणि शेठना हात जोडून पोलादपूरच्या वाटेला लागले.

अडतीस बॉक्स टेम्पोत तसेच होते. शेठनी वर डोंगराकडे पाहिलं. वाडीतल्या नऊ-दहा बायका आंब्याखाली उभ्या होत्या.

"नेऊ का आमी, शेठ?" रंगूबाईने विचारलं.

"काय घ्याल?"

रंगूबाईने आकडा सांगितला. शेठनी पुन्हा एकदा चढणीकडे पाहिलं आणि होकाराची मान डोलावली.

हसण्याची अशी लाट उठली की टेम्पोवाला खाली उतरून बघायला लागला. बायकांनी चुंबळी वळल्या, पदर खोचले आणि वऱ्हाड निघावं तशी रांग वर निघाली. साळूबाई सवयीने बॉक्सला हात घालायला गेल्या, तर रंगूबाईने त्यांना बाजूला सारलं.

"तू नुसती म्होरं चाल गो. आज आमी कामावर हाव."

साळूबाई रिकाम्या हातांनी पुढे चालू लागल्या. पहिल्या वळणापर्यंत त्यांना हातांचं काय करावं तेच कळेना. मग त्यांनी ते मागे बांधले आणि मालकिणीसारख्या चढत गेल्या. सगळ्यांत मागून धापा टाकत शेठ येत होते.

चार दिवसांनी काम उरकलं. पूर्ण झाल्याची सही घ्यायला शेठ पुन्हा चढून आले. दारात त्यांनी बूट काढले आणि कागद हातात धरून घरभर फिरले. मागच्या दारापाशी त्यांचा पाय थबकला. त्यांनी टाच आपटली. आवाज पोकळ आला. खाली बसून त्यांनी बोटाच्या पेराने लादी वाजवली आणि साळूबाईंकडे पाहिलं. त्या दाराबाहेर बघत होत्या.

शेठनी कागद घडी करून खिशात ठेवला.

"गवंडी, ही काढ. परत बसव."

"एकच तर हाय शेठ. कुनाला कळतंय?"

"काढ म्हटलं ना."

तो पोकळ आवाज साळूबाईंनी सकाळी झाडतानाच ऐकला होता आणि त्या कुणालाच काही बोलल्या नव्हत्या. आता त्या उठल्या, चुलीपाशी गेल्या आणि चहाच्या आधणात आणखी एक कप पाणी ओतलं.