पगारी पेशंट

आठवड्यातून तीन दिवस मी सकाळची आजारी असते आणि त्याचे मला पैसे मिळतात. डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांना पेशंटशी बोलायचा सराव लागतो, आणि खरे पेशंट काही एकच दुखणं दहा जणांना त्याच चेहऱ्याने सांगत बसत नाहीत. ते मी सांगते. कधी पोटदुखी, कधी अर्धशिशी, एकदा तर दोन मुलांची दमेकरी आई. माझी खरी आई नातेवाइकांना सांगते, "ती मेडिकल कॉलेजात असते," आणि पुढचा प्रश्न यायच्या आत विषय बदलते.

माझी पदवी इतिहासाची. आमच्या वर्गातला एकजण लोकांच्या मांजरी सांभाळतो. लोक गावाला गेले की त्यांच्याच घरात त्यांच्याच पलंगावर झोपतो. दुसरा फोटोग्राफर आहे, फक्त कॅमेरा मित्राचा असतो. माझी जिवलग मैत्रीण दुसरी पदवी घेतेय, कारण पहिली संपली. आम्ही भेटलो की 'सध्या' हा शब्द फार वापरतो. मला तर एका जागी बसवतच नाही. बसले तरी पाय हलत राहतो आणि आई गुडघ्यावर चापट मारते.

बाबांच्या मते हे सगळे रिकामटेकडे उद्योग. ते विमा कंपनीच्या काउंटरवर आहेत, आणि त्यांच्या साहेबांनी त्याच ऑफिसात माझ्यासाठी एक जागा धरून ठेवली होती. नऊ ते सहा, कायमची. हो की नाही ते मंगळवारी संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं.

"आज काय ते एक घाव दोन तुकडे कर," मंगळवारी सकाळी बाबा दारातून म्हणाले. "माणसांना किती ताटकळत ठेवायचं?"

"सांगते ना संध्याकाळी."

नकार द्यायला माझ्याकडे एकच आधार होता. आम्हा खोट्या पेशंटांना नेमणाऱ्या डॉक्टरीणबाई मला पुढच्या महिन्यापासून रोज काम देणार होत्या. तेवढं हातात आलं असतं, तर मी बाबांपुढे ताठ मानेने उभी राहिले असते.

त्या दिवशी सराव नव्हता, परीक्षाच होती. माझी भूमिका अशी: बाईला झोप लागत नाही, छाती धडधडते. खरी गोष्ट म्हणजे ती बारीक होण्यासाठी बहिणीच्या थायरॉइडच्या गोळ्या चोरून खाते. ते आपणहून सांगायचं नाही, विचारलं तरच सांगायचं. खोलीत टेबल, दोन खुर्च्या, हात धुवायचं बेसिन, आणि आम्ही दोघं, मी आणि परीक्षा देणारा. परीक्षक आत नसतो. काय विचारलं आणि काय राहिलं, याच्या खुणा पेशंटनेच करायच्या. झोप न लागण्याचं सोंग मला त्या दिवशी फारसं आणावं लागलं नाही.

पहिल्या काही जणांनी पाठ केलेले प्रश्न धडाधडा विचारले, गोळ्यांपर्यंत पोचले आणि गेले. मग एक उंच, किडकिडीत मुलगा आला. स्वतःचं नाव सांगतानाही अडखळला. पण बसल्यावर त्याने हातातलं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

उत्तर ठरलेलं होतं: झोपेत हृदय बंद पडेल याची. मी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"माझे बाबा कामावरून येतात आणि बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसतात. दिवे लागेपर्यंत तसेच. ना पेपर, ना टीव्ही, ना बोलणं. मला त्या बसण्याची भीती वाटते. नोकरी धरली की मीही तशीच बसेन."

बिचारा! त्याला वाटलं, हीच मेख. तो विचारत गेला, मी सांगत गेले, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की थांबावंसंच वाटलं नाही. घंटा झाली. गोळ्यांचा विषयही निघाला नव्हता. तो खुशीत उठला, मला "काळजी घ्या" म्हणाला आणि गेला. मी खुणांचा कागद पुढे ओढला.

'विचारलं' अशी खोटी खूण केली असती तर तो पास, मी सुरक्षित. हात तिथवर गेलाही. पण उद्या हा एखाद्या खऱ्या बाईला गोळ्यांचं न विचारता घरी पाठवेल, हे डोक्यातून जाईना. आणि 'नाही' अशी खूण करावी, तर माझ्या तोंडापायी त्याचं वर्ष जायचं. मधल्या सुट्टीत मी डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं.

बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "त्याला दुसऱ्या पेशंटपुढे पुन्हा बसवते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला मात्र आता बोलावता येणार नाही. इथे स्वतःचं दुखणं आणून चालत नाही हो."

घरी येऊन मी नुसत्या येरझारा घातल्या. आई बाहेर गेली होती. बाबा आले आणि बूट घालूनच खुर्चीत बसले. ते बघून माझा तोल सुटला. काम गेल्याचं सांगितलं, त्या मुलाला काय सांगितलं तेही सांगितलं, बुटांसकट.

बाबा म्हणाले, "म्हणजे मी कामाला कंटाळलोय असं वाटतं तुला?"

"मग काय वाटणार?"

"अगं, काम मला आवडतं." ते लेस सोडायला वाकले आणि अर्ध्यातच धापा टाकत मागे टेकले. "आल्या आल्या काढले तर तुम्ही दोघी बघता. तुम्ही आत गेलात की काढतो."

मी खाली बसून लेस सोडली. बूट निघता निघेना. मोज्याखाली पाऊल टम्म फुगलं होतं आणि घोट्याभोवती मोज्याचा खोल वळ उमटला होता. हृदयाच्या पेशंटचं हेच सोंग मी मागे केलं होतं, म्हणून मला पुढचं माहीत होतं. अंगठ्याने दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"आडवं पडल्यावर दम लागतो?"

"उशा जास्त घेतो."

"किती?"

"तीन. उगाच डॉक्टरीण होऊ नकोस."

मी मात्र भराभर पुढचं मांडत सुटले. उद्या दवाखाना, तपासण्या, त्यांची रजा, रजा संपल्यावर काय.

"बाबा, साहेबांना फोन लावा. मी येते म्हणून सांगा."

इतके महिने ते याच एका गोष्टीसाठी माझ्यामागे हात धुऊन लागले होते. त्यांनी माझ्या हातातून पाऊल सोडवून घेतलं.

"हे बघून तू हो म्हणशील," ते म्हणाले, "म्हणून तर दाखवत नव्हतो."