चालेलबाईचं कॉलेज

सुताराच्या धाकट्या लेकीला घरात सगळे चालेलबाई म्हणत. पुढे बसतेस की खिडकीपाशी? चालेल. निळं कापड घेऊ की हिरवं? चालेल. त्या काळी अशा पोरीला गुणी म्हणत. पण शाळा संपली, दोन कॉलेजांनी एकदमच बोलावलं आणि या ‘चालेल’ने सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं.

टेकडीवरचं कॉलेज नावाजलेलं. तिथे पहिल्याच दिवशी विषय सांगायचा आणि शेवटपर्यंत निभवायचा. बाजारामागचं कॉलेज साधं, नळसुद्धा गळके. पण तिथे वर्षभर सगळं चाखून मग विषय ठरवता येई. चालेलबाईला तारे आवडत, जुन्या राजांच्या भानगडी आवडत आणि बेडकाचं पोटही आवडे. एकाला हो म्हटलं की बाकीचे कायमचे तुटणार, या धास्तीने तिची झोप उडाली होती.

आत्याने मात्र परस्पर निकाल लावला होता. टेकडीवरच्या कॉलेजची बातमी गल्लीभर करून ती मोकळी. "आता मागे फिरलीस, तर मी कुठल्या तोंडाने बाजारात जाऊ?"

शेवटी बापलेक टेकडी चढून गेले. वडिलांनी आधी दाराची चौकट ठोकून पाहिली आणि पसंतीची मान डोलावली. खिडकीतल्या कारकुनाने वर न बघताच विचारलं, "मुलीचा कल कुठे?"

सुताराच्या लेखी कल म्हणजे फळी ज्या बाजूला झुकते, ती बाजू. वडिलांनी लेकीला नीट न्याहाळलं. "उजवीकडे," ते म्हणाले. "दप्तर त्याच खांद्याला असतं ना. पण फार नाही हो, एवढासाच."

रांगेत खसखस पिकली. कारकून हसला नाही. "विषय सांगा, विषय! मागे लोक खोळंबलेत. अर्थशास्त्रात जागा आहे. लिहू?"

"लिहा की. ती चालेलच म्हणणार."

चालेलबाईने तोंड उघडलं. शब्द अगदी जिभेवर आला होता. तेवढ्यात तारे, राजे आणि बेडूक, सगळे एकदम डोळ्यांपुढे उभे राहिले.

"नाही चालणार," ती म्हणाली.

कोण बोललं म्हणून वडिलांनी मागे वळून पाहिलं.

येताना बाजारामागच्या कॉलेजात नाव घालूनच दोघं घरी आली. आत्या दारातच उभी.

"काय गं, कोणता विषय घेतलास?"

"अजून ठरायचाय. बाजारामागच्या कॉलेजात जाणारेय मी."

"अगं बाई! म्हणजे वर्षभर नुसतं न ठरवायला जाणार?"

"हो."

आत्याने कपाळाला हात लावला. "आणि तू रे दादा, वर कौतुकाने बघत बसलास! मी लोकांना सांगू काय?"

"सांग," वडील चपला काढत म्हणाले, "पोरगी नाही म्हणायला शिकली. बाकीचं आता कॉलेजात शिकवतील."