पाव फेरा

साबणाच्या त्या कारखान्यात तिला सगळे काटेवाली म्हणत. दाब, तापमान, पातळी दाखवणारा जो म्हणून काटा होता तो पुसायचा, तपासायचा, खोटं बोलत असेल तर उघडून ताळ्यावर आणायचा, हे तिचं काम. आली होती साबणाच्या वड्या कागदात गुंडाळायला. एक दिवस भिंतीवरच्या बंद पडलेल्या मीटरला तिनं गंमत म्हणून स्क्रूड्रायव्हर लावला आणि तो हात परत कागदाकडे वळला नाही. शिक्षण बेताचंच. पुढचं सगळं मोडक्या यंत्रांनी शिकवलं, आणि त्यांनी फी म्हणून फक्त नखं घेतली.

कारखान्यात साबण शिजवायच्या चार कढया. कढईच्या दुहेरी भिंतीत वाफ सोडायची आणि आतला साबण ब्याण्णव अंशांवर ठेवायचा. खाली गेला तर गोळे होतात, वर गेला तर फेस अंगावर येतो. पहिल्या कढईची वाफ सव्वीस वर्षं तिचे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, हातानं सोडत आले होते. आता त्या कढईवर आपोआप उघडझाप करणारा व्हॉल्व्ह आला होता. सेन्सरनं तापमान सांगायचं, कंट्रोलरनं व्हॉल्व्ह हलवायचा आणि पडद्यावर रेघ उमटायची. बसवला तिनंच. जुनी नळी आणि तिचं हातचाक अडीअडचणीला म्हणून बाजूला ठेवलं होतं. त्याला बायपास म्हणत. त्याला हात लावायचा तर आधी वहीत लिहायचं, असा नियम.

साहेबांनी तिला अट घातली होती. सात दिवस रेघ एका अंशापेक्षा जास्त हलली नाही, तर उरलेल्या तीन कढया तिच्या हाती. हलली, तर बाहेरच्या कंपनीची माणसं येणार आणि हिनं आपलं फडकं घेऊन काटे पुसत बसायचं.

पहिले दोन दिवस रेघ अशी सरळ, की तिच्यावर कपडे वाळत घालावेत. भाऊजी ते दोन दिवस डोळे तपासायला म्हणून रजेवर होते. तिसऱ्या दिवशी ते हजर झाले, यंत्राकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "शहाणं दिसतंय. पण मेहुणीबाई, ह्याला कान नाहीत."

तिनं हसून सोडून दिलं. त्याच दिवशी सकाळी अकराला रेघेला टेंगूळ आलं. चारला दुसरं.

तिनं कंट्रोलरची सेटिंग जरा मवाळ केली. चौथ्या दिवशी अकराला टेंगूळ मोठं झालं आणि मागोमाग खड्डा पडला. तिनं सेटिंग कडक केली. चारला रेघ झोपाळ्यावर बसल्यासारखी वरखाली व्हायला लागली. तिनं सेन्सर काढून उकळत्या पाण्यात बुडवला. सेन्सर सज्जन निघाला. वायरी ओढून पाहिल्या, त्याही सज्जन. संध्याकाळी साहेब पडद्यापुढे उभे राहिले आणि बाहेरच्या कंपनीचं कार्ड खिशातून काढून टेबलावर ठेवून गेले. अंश मोजायला साहेबांना काटा लागत नसे.

भाऊजींना विचारावं असं तिच्या मनात दोनदा आलं. दोन्ही वेळा तिनं ते गिळलं. ज्यांच्या हातातलं काम आपण काढून यंत्राला दिलं, त्यांच्याकडेच आता कुठल्या तोंडानं जायचं?

घरी जाताना वाटेत बहिणीचं घर. ती आत शिरली तेव्हा ताई ओटा पुसत होती. ओट्यावरून दूध खाली ओघळलं होतं. आपलं रडगाणं गाण्याआधी तिला ताईचंच ऐकावं लागलं.

"रोजचंच झालंय," ताई म्हणाली. "मी गॅस बारीक करून वळले की हे येऊन मोठा करतात. मला वाटतं मीच विसरले, मी परत बारीक करते. त्यांना वाटतं विझतोय, ते परत मोठा करतात. विचारलं तर म्हणतात, तुला हातभार लावत होतो. बाई गं, ह्या हातभारानं महिन्यात दोन पातेली जाळली माझी."

काटेवाली हातातला कप तसाच धरून बसली. मग म्हणाली, "किती वाजता येतात गं?"

"कोण?"

"काही नाही. चहा छान झालाय." चहा अजून तिनं प्यायला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती तासभर आधी कारखान्यात पोचली आणि बायपासच्या चाकावर व नळीवर मिळून खडूची एक बारीक रेघ ओढली. अकरा वाजून गेल्यावर पाहिलं, तर चाकावरची अर्धी रेघ पाव फेरा सरकून बसली होती. वीस मिनिटांनी पाहिलं, तर रेघ परत जुळली होती. वहीचं पान कोरं.

साहेबांना सांगितलं असतं तर तिचा दोष तिथेच धुऊन निघाला असता. पण न लिहिता बायपासला हात लावला म्हणून भाऊजींना निवृत्तीला उरलेल्या दोन महिन्यांसाठी घरी बसवलं असतं, आणि सव्वीस वर्षांनंतर निरोपाला हाच शेरा मिळाला असता. ती कढईपाशी गेली. भाऊजी वाफेच्या पाइपावर तळहात ठेवून उभे होते, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, जरा ठेवायचा नि उचलायचा.

"भाऊजी, चाक फिरवलंत?"

त्यांनी हात काढून घेतला. "पाव फेरा. जास्त नाही."

"लिहिलं का नाहीत?"

"लिहिलं असतं तर तुझे दिवस पहिल्यापासून मोजले असते. म्हटलं, पोरीची परीक्षा आहे, कुणाला न सांगता थोडा हातभार लावावा."

तिला हसावं की रडावं कळेना. म्हणजे भाऊजी वाफ वाढवत होते, यंत्र ती कमी करत होतं, आणि ती दोघांच्या मध्ये बसून यंत्राचे कान पिळत होती. एकाच भाजीत तिघांनी मीठ घातलेलं, आणि चाखून पाहायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"पण गरज काय होती?"

"खोकते ना ती वाफ. अकराला आणि चारला. ऐक." त्यांनी तिच्याच खिशातला लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक पाइपाच्या खालच्या वळणावर टेकवलं आणि मूठ तिच्या कानाला लावली.

आधी नुसती वाफेची सरसर. मग खरंच, घशात कफ अडकल्यासारखी गुरगुर.

तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं. अकराला आणि चारला बाकीच्या कढया रिकाम्या होतात. वाफेची ओढ थांबते, पाइप निवतो आणि आत पाणी धरतं. ते बाहेर सोडायला वळणावर ट्रॅप नावाची डबी असते, आणि ती डबी चिकटून बसली होती. भाऊजी बायपास उघडून ते पाणी पुढे ढकलत होते. तिनं धावत जाऊन पहिल्या दोन दिवसांची रेघ मोठी करून पाहिली. ज्या सरळपणावर ती फुलली होती, त्यातही अकराला आणि चारला अर्ध्या अंशाचा खळगा होताच. तिनं पाहिला नव्हता, कारण पाहायचा नव्हता. पाणी आणखी साठत गेलं असतं तर एखाद दिवशी वाफेनं तो गोळा व्हॉल्व्हवर असा आपटला असता, की सरळ रेघ फक्त भिंतीच्या तड्याला उरली असती.

ट्रॅप बदलायला अर्धा दिवस गेला. मग तिनं वही ओढली आणि लिहिलं: 'ट्रॅप चिकटलेला. कढईचालकांनी कानानं ओळखला. पाणी काढायला बायपास पाव फेरा, न लिहिता. सेटिंग मी विनाकारण दोन वेळा बदलली. दोघांची चूक, एकमेकांना न विचारल्याची.' आणि वही साहेबांपुढे ठेवली.

साहेबांनी दोनदा वाचलं. भाऊजींना बोलावून नियम ऐकवला, पुरेशा मोठ्यानं. मग तिला म्हणाले की आता दिवस पुन्हा एकपासून. टेबलावरचं कार्ड मात्र त्यांनी खिशात घातलं. निघताना वळून विचारलं, "बाकीच्या तीन कढयांचे ट्रॅप कुणी ऐकलेत?"

कुणीच ऐकले नव्हते. तिनं स्क्रूड्रायव्हर भाऊजींच्या हातात दिला. दोन दिवसांत त्यांनी आणखी दोन खोकले पकडले, आणि दोन्ही वेळा आधी वहीत लिहिलं, तेही असं कोरून की खालच्या चार पानांवर उमटलं.

सातव्या दिवशी अकराला ते पडद्यापुढे उभे होते, दोन्ही हात पाठीमागे, एकानं दुसरा घट्ट धरलेला. रेघ अकरा ओलांडून गेली, सव्वाअकराही ओलांडून गेली. चारलाही तसंच. साहेब म्हणाले, "दुसऱ्या कढईचं सामान सोमवारी येतंय. काटेवाली, यादी करा."

संध्याकाळी ताईकडे चहा ठरला. ताईनं दूध गॅसवर ठेवलं आणि यादीत काय काय आहे ते ऐकायला येऊन बसली. भाऊजी ओट्याजवळच होते, पण आता त्यांनी धडा घेतला होता; हात पाठीमागे ठेवून शांतपणे पाहत राहिले. काटेवालीला वाटलं, ते पाहतायत. ताईला वाटलं, निदान आज तरी पाहतायत.

दूध उतू गेलं.

"तुमच्या डोळ्यांदेखत?" ताई उठत म्हणाली.

"देखत," भाऊजी म्हणाले. "पण वही कुठंय तुझी? लिहिल्याशिवाय हात कसा लावू?"