इंजिनाचं सुतक

काळुराम गेला त्याच्या चौदाव्या दिवशी गिरणीतलं इंजिन पुन्हा पेटवलं, आणि ते काही फिरलं नाही.

कल्याणच्या खाडीकाठी महिपतशेठची भाताची गिरणी होती. साल अठराशे चौऱ्याण्णव. वाफेवर साळ कांडणारी गिरणी म्हणजे अजूनही पंचक्रोशीला नवल होतं, आणि ते नवल सोळा वर्षं एकट्या काळुरामाच्या हातावर चाललं होतं. रेल्वेच्या शेडमध्ये साहेबाच्या मागे पाने-हातोडे धरता धरता तो इंजिन शिकला. घरी आला की ऐकायला त्याच्यापुढे एकच माणूस असायचं, ते म्हणजे त्याची मुलगी गोदा. त्यानंच तिला अक्षरओळख करून दिली, ठाण्याहून छापील पुस्तकं आणून दिली, आणि दुपारची भाकरी घेऊन गिरणीत आली की तिच्या हातात तेलाची बुधली दिली. पुढे तिचं लग्न शहाडला झालं. पुस्तकं बरोबर गेली, बुधली राहिली.

आता बापाचे दिवस करून ती शहाडला परत निघाली होती. बोचकं बांधत होती, तोच नाथा दारात येऊन उभा राहिला. नाथा गिरणीत भट्टीत तूस घालायचा. काळुरामाचा जोडीदार, वयानं त्याच्याच बरोबरीचा.

"गोदे, इंजिन मेलं गं."

"मेलं म्हणजे?"

"चाक फिरत नाय. वाफ दिली, नाय. मंग आठ गडी लावले, चाकाला दोर बांधून वढला. वीतभर हाललं, न् आतून कडाक करून आवाज आला. परत ठप्प."

"मग?"

"शेठनं मुंबईचा फिटर आनला. त्यानं काठीनं ठोकून बघितलं न् बोलला, नवीन घ्या. बोलला..." नाथा अडखळला. "बोलला, तुमच्या इंजिनवाल्यानं याला कदी तेलच दाखवलं नाय. सुकंच चालवून खाल्लं. शेठ आता सगल्यांना त्याच सांगतोय."

गोदानं बोचक्याची गाठ सोडली.

"त्यानं उघडून पाहिलं का?"

"छे. नुस्ती काठी."

"चला."

महिपतशेठ गिरणीच्या दारातच भेटला. माणूस वाईट नव्हता, पण साळीच्या राशी दारात आणि गिरणी मुकी, म्हटल्यावर त्याच्या जिभेला हाड राहिलं नव्हतं.

"वा! आता बाया इंजिनाची नाडी बघायला लागल्या. काढा देणार का लेप लावणार?"

"आधी बघते तरी, शेठ. वैद्यसुद्धा काठीनं ठोकून पुडी देत नाही."

शेठ हसला नाही, पण बाजूला झाला. "परवा मुंबईला निरोप धाडायचाय मला. तोवर बघ काय बघायचं ते."

गोदानं घाई केली नाही. काळुराम म्हणायचा, इंजिन अडलं की सगळं अडल्यासारखं दिसतं, पण अडलेलं असतं एकच. ते एक वेगळं काढायचं. तिनं नाथाकडून आधी चामड्याचा पट्टा उतरवून घेतला. म्हणजे कांडपाची यंत्रं सुटी झाली. तरी चाक जागचं हललं नाही. मग चाकापासून वाफेच्या नळकांड्यातल्या दट्ट्यापर्यंत जाणारा लोखंडी दांडा सोडवला. त्याचे बोल्ट काळुरामाच्याच हातचे आवळलेले, सोडवताना नाथाचा घाम निघाला. दांडा सुटला, आणि तिनं चाकाला तळहात लावला तर ते मुकाट्यानं अर्धा फेरा फिरलं.

"चाक चांगलं आहे. कणा चांगला आहे," ती म्हणाली. "अडलंय ते नळकांड्यात. दट्ट्या धरलाय."

नळकांड्याचं झाकण काढलं तेव्हा आतून ओंजळभर पाणी सांडलं. तांबडं, गंजाचं. गोदा त्या पाण्याकडे बघत राहिली.

"नाथाकाका, इंजिन थांबवलं त्या दिवशी खालच्या तोट्या उघडल्या होत्या ना?"

इंजिन गार होताना आतल्या वाफेचं पाणी होतं. ते तोट्यांवाटे काढून टाकायचं, तेल सोडायचं आणि चाक हातानं दोनदा फिरवून ठेवायचं, हे काळुरामाचं रोजचं निजवणं. नाथानं ते सोळा वर्षं पाहिलं होतं.

"नाय," नाथा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थोडा अभिमानच होता. "त्याच्या मरनाची खबर आली तवा भट्टी विझवली न् बोललो, आता कोनी हात लावायचा नाय. घरात सुतक, तर यालाबी सुतक. याचा बापच जेला ना! तेरा दिस मी दारात बसलो. तेल नाय, पानी नाय, फडका नाय. गडी बोलले, चाक जरा फिरवूया. मी बोललो, खबरदार."

 सुतकात डोक्याला तेल लावायचं नाही, हे तिनंही पाळलं होतं. तेराव्याला भावकीतल्या एकेकाच्या टाळूवर तेल घालून सुतक सोडवलं, तेव्हा नाथा अंगणाच्या कडेला उभा होता. तो भावकीतला नव्हता. त्याला कुणी पाटावर बोलावलं नाही, आणि तीही विसरली.

तिनं नळकांड्यात घासलेट ओतलं, वरून गरम पाण्याचे फडके गुंडाळले आणि ते तसंच मुरू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाकडी ठोकळा लावून नाथानं घणाचे हलके ठोके दिले. अकराव्या का बाराव्या ठोक्याला दट्ट्या करकरला, आणि मग सरकत बाहेर आला. त्याच्याभोवतीच्या लोखंडी कडीचा एक तुकडा मोडला होता. कडाक आवाज तोच. गोदानं आडव्या नळकांड्यात हात घातला. वरची बाजू गुळगुळीत, आरशासारखी, बोटांना अजून एरंडेलाचा ओशटपणा लागत होता. खालची बाजू गंजानं खरखरीत. आणि त्या गंजातून एक लांब चर गेलेला, मोडक्या कडीनं ओढलेला. तिनं जमिनीवरून तांदळाचा एक दाणा उचलून चरात ठेवला. दाणा पुरता आत बसला, इतका चर खोल होता.

ती बराच वेळ तशीच वाकून होती. एकदा नळकांडं आतून कातून गुळगुळीत करून घेतलं तर चर जाईल, हे तिला ठाऊक होतं. पण चार वर्षांपूर्वी काळुरामानं ते मुंबईहून कातून आणलं होतं आणि जेवताना सांगितलं होतं, आता हे शेवटचं, पुन्हा कातलं तर भिंत वाफ धरणार नाही. ते आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

महिपतशेठ आला. "काय निघालं?"

"हात घालून बघा, शेठ. वर आणि बाजूला. तेल न घालता चालवलेलं नळकांडं चहूबाजूंनी ओरबाडतं. हे नुसतं खाली खराब आहे, जिथं पाणी साचलं तिथं. बाबांनी तेल घातलं नाही, हे खोटं आहे."

शेठनं अंगरख्याची बाही वर केली, हात घातला, बोटं एकमेकांवर चोळली, हुंगली. "एरंडेलच आहे," तो म्हणाला. "पण मग पाणी साचलं कसं?"

गोदानं फडकं उचलून दट्ट्या पुसायला घेतला. बापाचं नाव धुऊन निघायला एकच वाक्य उरलं होतं, आणि ते तिच्या तोंडातून निघत नव्हतं.

नाथानं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा झाकणाखालच्या तांबड्या डागाकडे. मग सावकाश म्हणाला, "गोदे, तोट्या... ह्या मी केलं का गं?"

खोटं बोललेलं त्याला कळलं असतं. सोळा वर्षं त्यानं इंजिन पाहिलं होतं.

"हो, नाथाकाका."

नाथानं खांद्यावरचं फडकं काढून हातात घेतलं. "शेठ, फिटरला सांगा, काळुरामाचा काय दोष नाय. मी सुतक पालला. चाक बी मीच वढवला."

शेठ गोदाकडे वळला. "बरं, आता दुरुस्त होतंय का हे?"

"नाही. नळकांड्याची भिंत पातळ झालीय. कातता येणार नाही. नवं घ्या."

"म्हणजे फिटरनं सांगितलं तेच!"

"त्यानं सांगितलं सोळा वर्षांनी मारलं. मी सांगते, तेरा दिवसांनी मारलं."

शेठ दारातल्या राशींकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "निरोप आजच धाडतो. नवं येईल तेव्हा ये गं गोदे, त्या फिटरच्या समोर उभी राहा. नव्याच्या तोट्या कुठं आहेत ते नाथाला दाखवून घेऊ." बाहेर गड्यांना त्यानं काय सांगितलं ते आत नीट ऐकू आलं नाही, पण काळुरामाचं नाव दोनदा आलं आणि कुणी हसलं नाही.

नाथा इंजिनाशेजारी उकिडवा बसला होता. गोदानं कोनाड्यातली बुधली काढली. तळाशी बोटभर एरंडेल होतं. तिनं ते तळहातावर ओतलं.

"पागोटं काढा, काका."

"अगं, मी कुटं भावकीतला..."

"काढा म्हटलं ना."

त्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. पांढऱ्या, रुक्ष केसांत तिनं तेल जिरवलं, आणि हाताला राहिलं ते चाकाच्या कण्याला पुसलं.