मनगट कुणाचं, गोळ्या कुणाला

स्लाजाना क्रागुयेवत्स शहरातून गाडी हाकत गावी आली ती दातओठ खातच. वसंतात बाबांना चक्कर आली, म्हणून तिने त्यांना नाडी आणि पावलं मोजणारं घड्याळ दिलं होतं. दवाखान्यात काही सापडलं नाही, पण घड्याळात रोज ठोके चुकताना दिसले. डॉक्टरीणबाईंनी रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू केल्या. आज त्यांचाच फोन आला होता, घड्याळाच्या नोंदी बाबांच्या तपासणीशी काही जुळत नाहीत म्हणून.

अंगणात लाल मिरच्यांचा आयव्हार, हिवाळ्यासाठी साठवायची चटणी, रटरटत होता. आई, वुकोसावा, सकाळपासून उभ्याने ढवळत होती. बाबा, राडिसाव, बाकावर कॉफी पीत बसले होते. दाढी करताना कापलेल्या हनुवटीवरचा कापूस लाल झाला होता.

“बाबा, पहाटे पाचला अकराशे पावलं कुठे चालता? आठशिवाय तर तुम्ही उठत नाही.”

“कोंबड्या सोडायला.”

“तुम्ही? कोंबड्या?”

आईने हळूच बाही खाली ओढली. स्लाजानाने तिचा हात धरला. घड्याळ तिच्या मनगटावर होतं.

“ते सारखं ऊठ, चाल म्हणतं गं,” बाबा कुरकुरले. “वर तुझी फोनवर कटकट, पावलं कमी पडली म्हणून. हिची पावलं होतातच. म्हटलं, तू खूश, मी सुटलो.”

“आणि हे चुकलेले ठोके कुणाचे?”

स्लाजानाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन आठवडे बाबा नको त्या गोळ्या गिळत होते, आणि जिला कधीही पक्षाघात झाला असता ती मिरच्यांची पोती उचलत होती.

“आई, तुला धडधडत नव्हतं?”

“धडधडायचं की. माळ्यावर चढताना मधेच थांबायचे. वय झालं, दुसरं काय.”

“दमले, दमले, हे तर ती रोजच म्हणते,” बाबा म्हणाले.

“म्हणत होती. मीही ऐकत होते, आणि घड्याळ घेतलं तुम्हाला.” तिला स्वतःचीही चीड आली.

आई पट्टा सोडायला लागली. “आधी ह्यांचं नीट बघा. माझं काय, आयव्हार झाल्यावर बघू.”

स्लाजानाने पट्टा पुन्हा आवळला, पळी बाबांच्या हातात कोंबली आणि आईला गाडीत बसवलं.

“तुम्ही आता शहरात जाणार? मग माझ्या जेवणाचं काय?” बाबांनी विचारलं.

आई उतरायला निघाली. स्लाजानाने तिचं दार लावलं आणि स्टिअरिंगशी बसून आतून कुलूप घातलं.