मशीन रूमच्या दाराची आतली बाजू

तुम्ही काल त्या इमारतीच्या कमिटीला लेखी कळवलंत की सत्तावीस नंबरच्या लिफ्टबद्दल कंपनीच्या नोंदीत एकही गंभीर तक्रार नाही. नोंदीत नाही, हे खरं. लिफ्ट सुरक्षित आहे, हे खोटं. आणि ते खोटं आहे हे तुम्हाला गुरुवारी दुपारी सव्वाबारा वाजता समजलं होतं, साहेब, कारण मीच ते तुमच्या कानावर घातलं.

मी कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी सांगते. लिफ्टची देखभाल करणाऱ्या तुमच्या कंपनीत मी लागले ती फोनवर तक्रारी घ्यायला. लिफ्ट अडकली, दार लागत नाही, आतला पंखा बंद आहे. वहीत लिहायचं, मेकॅनिकला कळवायचं, वही भरली की नवी काढायची. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही. जेवणाच्या सुट्टीत बसून, चुकत-माकत, लोकांचे टोमणे खात शिकले. वहीतल्या तक्रारी तक्त्यात घातल्या, तक्त्याचे आलेख केले, आणि एक दिवस तुम्ही माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, हे माझ्या भिंतीवर पाहिजे.

तेव्हापासून तुमच्या खोलीत तो मोठा पडदा आहे. एकशे अठरा लिफ्ट, एकशे अठरा चौकोन. तक्रारी कमी तो हिरवा, वाढल्या की पिवळा, मोठं काम निघालं की लाल. मला त्या पडद्याचा अभिमान होता. लपवत नाही. माझ्या दोन्ही जावांना मी तो ऑफिसात बोलावून दाखवला होता.

मग तुम्ही त्याला नियम जोडलात. एकाच लिफ्टची तक्रार तीस दिवसांत परत आली तर त्या मेकॅनिकचा दर्जा खाली. सुटा भाग बदलायला मागितला तर चौकोन लाल, आणि दर्जा आणखी खाली. मी काहीच विचारलं नाही. सांगितलं तसं करून दिलं.

त्यानंतर तुमचं ज्ञानभांडार आलं. मेकॅनिक लोकांच्या डोक्यात जे आहे ते कंपनीकडे राहिलं पाहिजे, माणूस गेला की अनुभव जाता कामा नये, असं तुम्ही भाषणात म्हणालात. कल्पना चांगली होती, आजही मला चांगली वाटते. प्रत्येकाने आपल्याला कळलेली गोष्ट त्यात लिहायची, आणि साहेबांनी निर्णय घेताना ती वाचायची. मेकॅनिक लोकांनी त्याचं नाव कबुलीजबाब ठेवलं. कारण कुणी लिहिलं की अमक्या लिफ्टचा ब्रेक झिजतोय, की दुसऱ्या दिवशी त्यालाच प्रश्न, मग तू काय करत होतास? महिन्याभरात भांडारात साफसफाईच्या सूचना आणि सुविचार तेवढे उरले. तेव्हा फालतू नोंदी दिसू नयेत म्हणून एक चाळणी लावली. चाळीस शब्दांपेक्षा छोटी नोंद अपूर्ण समजायची आणि झाकून ठेवायची. चाळणी माझी. तुमची नाही. हा दोष मी माझ्याच नावावर घेते.

उन्हाळ्याआधीची ती बैठक तुम्हाला आठवेल. पडद्यावर त्रेसष्ट चौकोन सहा महिने सलग हिरवे होते. तुम्ही ठरवलंत, या त्रेसष्ट लिफ्टची तपासणी दर महिन्याऐवजी तीन महिन्यांनी, आणि दोन माणसांऐवजी एकाने. मला विचारलंत, आकडे पक्के आहेत ना? मी म्हटलं, पक्के. सगळ्या खोलीत मी एकटीच बाई होते आणि माझ्या शब्दावर निर्णय झाला. घरी जाताना मी तरंगत गेले.

माझा नवरा तुमच्याकडेच मेकॅनिक आहे, एकोणीस वर्षं. सत्तावीस नंबर त्याच्याकडे.

गुरुवारी सकाळी मी झाकलेल्या नोंदी कायमच्या पुसायला बसले होते. तुम्हीच सांगितलं होतंत, कचरा काढा. त्यात मास्तरांची नोंद निघाली. मास्तर म्हणजे माझ्या नवऱ्याला ज्यांनी पाना धरायला शिकवलं ते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांना भांडारात काहीतरी लिहिणं भाग होतं. लिफ्ट क्रमांक सत्तावीस, आणि खाली पाच शब्द: मशीन रूमचं दार आतून बघा.

पाच शब्द, म्हणून अपूर्ण.

मी मास्तरांना फोन लावला. त्यांनी आधी नातवाची खबर सांगितली, मग मी सत्तावीसचं विचारलं. म्हणाले, पोरी, सत्तावीसचा ब्रेक झिजलाय. आतली लायनरची पट्टी बदलायला पाहिजे, पण बदलायला मागितला की लाल. म्हणून आम्ही स्प्रिंगचा नट थोडा आवळतो, की ब्रेक परत धरतो. तपासणीच्या नोंदीत लिहितो, तपासले, ठीक. पण पुढच्या माणसाला कळायला नको का आधी किती आवळलंय? म्हणून दर खेपेला दाराच्या आतल्या बाजूला खडूने एक रेघ.

मी विचारलं, किती रेघांपर्यंत चालतं?

"वीस-बावीस. मग नट फिरत नाही. मग ब्रेक नुसता नावाला."

नवऱ्याला फोन लावला. उचलला नाही. कामाच्या यादीत बघितलं, तो आत्ता सत्तावीसलाच होता. एकटा. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा चुकून माझ्या आईला फोन लावला आणि लगेच ठेवून दिला.

लोकांना वाटतं लिफ्ट म्हणजे दोर तुटून खाली कोसळते. तसं सहसा होत नाही, दोर चिक्कार मजबूत असतात. खरी भीती वेगळी आहे, आणि लिफ्टवाल्याच्या घरात ती रोज जेवायला बसलेली असते. लिफ्ट मजल्यावर थांबलीय, दार उघडंय, माणूस अर्धा आत आणि अर्धा बाहेर आहे, आणि ब्रेक धरत नाही म्हणून केबिन सरकते. एवढंच. ओरडायलाही वेळ मिळत नाही.

रिक्षाने बारा मिनिटं लागली. बारा मजल्यांची इमारत, नवव्यावर हाडांचा दवाखाना, त्यामुळे लिफ्टला दिवसभर उसंत नसते. मी आत शिरले तेव्हा केबिन तळमजल्यावर उभी होती. लादीपेक्षा चार बोटं खाली. एक बाई बाळाची गाडी आत ढकलत होती. पुढची चाकं आत, मागची बाहेर. बाळ झोपलेलं. ती मागे वळून कुणाशी तरी बोलत थांबली.

केबिन सरकली. जेमतेम दोन बोटं. गाडीचं तोंड खाली झुकलं.

मी धावले आणि गाडीचा दांडा धरून जी खेचली, ती गाडी आणि मी दोघी भिंतीवर आदळलो. बाळ जागं झालं आणि भोकाड पसरलं. त्या बाईने मला जे सुनावलं ते तिच्या जागी मीही सुनावलं असतं. डोकं ठिकाणावर आहे का, हा तिचा त्यातला सगळ्यात सौम्य प्रश्न. मी वॉचमनला म्हटलं, भाऊ, कुणालाही आत पाय टाकू देऊ नका, आणि जिन्याकडे पळाले.

बारा मजले. पळताना डोक्यात एकच गोष्ट होती. तो ब्रेकचं काम झालं की केबिनच्या छतावर उतरून दोर पुसतो. पूर्वी मशीन रूममध्ये जोडीदार असायचा, स्विचवर हात ठेवून. जोडीदार मी कमी केला. पक्के आकडे देऊन.

मशीन रूमचं लोखंडी दार लोटलं. तो आतच होता, मोटरजवळ उकिडवा बसलेला, हातात पाना. मला बघून त्याला आनंद झाला नाही, दचकलाही नाही. सापडलेल्या माणसासारखा बघत राहिला.

"अहो, फोन का उचलत नाही?"

"हात काळे आहेत."

मी दार माझ्यामागे ओढून घेतलं आणि आतल्या बाजूकडे बघितलं. तेवीस रेघा. प्रत्येकीखाली तारीख. मास्तरांच्या आखूड, दुसऱ्या कुणाच्या तिरक्या. शेवटच्या सात माझ्या नवऱ्याच्या. तो खडू इतका दाबतो की रेघ मध्येच फुटते. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे तो तसेच मांडतो.

मी विचारलं, हे कधीपासून चाललंय?

"तू रंग लावलेस तेव्हापासून."

मला सांगितलं का नाही, असं मी विचारल्यावर तो इतक्या शांतपणे बोलला की ओरडला असता तर बरं झालं असतं. "तू घरी येऊन म्हणतेस, आज सत्तावीस हिरवी, शाब्बास तुमची. ताट वाढताना तुझा चेहरा असा फुललेला. त्या चेहऱ्याला काय सांगू, की बये, ती हिरवी माझ्या पान्यावर आहे?"

मग त्याने मला नट दाखवला. आटे संपले होते. पाना लावून पूर्ण जोर दिला, नट जागचा हलला नाही. तो म्हणाला, आज अर्धा तास मी याच्याकडे बघत बसलोय. मी मेन स्विचकडे बोट दाखवलं. त्याने स्विच पाडला. मोटर गप्प झाली तेव्हा कळलं की ती किती वेळ कानात घरघरत होती.

तिथून मी तुम्हाला फोन केला, साहेब. सव्वाबारा. आपलं बोलणं मी इथे शब्दाला शब्द लिहिते, चुकत असेन तर सांगा.

तुम्ही म्हणालात, "पडद्यावर हिरवी आहे."

मी म्हटलं, "पडदा मी केलाय. तो चुकतोय."

"मग पडदा दुरुस्त करा. लिफ्ट चालू ठेवा."

मी दाराचा फोटो पाठवला. तुम्ही म्हणालात की खडूच्या रेघांवर मी निर्णय घेत नाही, रीतसर नोंद करा. मी तिथेच, मोबाइलवर, उभ्या-उभ्या नोंद केली. चाळीस शब्द मोजून. तुमच्या यंत्रणेने ती आधीच्या नोंदींशी ताडून बघितली. आधी तेवीस वेळा लिहिलेलं होतं, तपासले, ठीक. तेविसांपुढे माझी एक. शेरा आला: विसंगत, पडताळणीसाठी तीन दिवस राखून. मी तो नवऱ्याला वाचून दाखवला आणि तो हसला. लग्नाला सोळा वर्षं झाली, त्याचं ते हसू मी पहिल्यांदा ऐकलं. अजून कानात आहे.

आम्ही स्विचवर कागद चिकटवला, लिफ्ट बंद, हात लावू नये. पाच वाजता तुम्ही दुसरा मेकॅनिक पाठवून ती चालू केलीत. तो नवऱ्याचा मित्रच. त्याचा मला फोन आला. म्हणाला, वहिनी, साहेबांनी सांगितलं, मी स्विच वर केला, माझ्याकडून दुसरं काही झालेलं नाही. मी विचारलं, नट आवळलात? तो म्हणाला, प्रयत्न केला, रेघ ओढलेली नाही.

शुक्रवारी तीन कागद निघाले. नवऱ्याला नोटीस, विनापरवानगी लिफ्ट बंद केली म्हणून. माझा पासवर्ड बंद, माहितीचा गैरवापर म्हणून. आणि कमिटीला तुमचं पत्र. तिन्हींवर तुमची सही, आणि तिन्ही माझ्या पडद्याच्या आधारावर. त्यात नवऱ्याची चूक आहे, मास्तरांची आहे, माझी सगळ्यात मोठी आहे. आम्ही तिघंही ती कुठेही उभं राहून सांगू. पण आम्हाला कळल्यावर आम्ही स्विच पाडला. तुम्हाला कळल्यावर तुम्ही तो वर करायला माणूस पाठवलात.

बाकीच्या बासष्ट हिरव्या लिफ्टच्या दारांमागे काय आहे ते मला माहीत नाही. नवऱ्याला सहांचं माहीत आहे. त्या सहा दारांवरच्या रेघांचे आकडे ऐकल्यापासून मी लेकीला कुठल्याच लिफ्टने जाऊ देत नाही. ती म्हणते, आई वेडी झालीय.

आज शनिवार. हे मी त्या इमारतीच्या समोरच्या पायऱ्यांवर बसून लिहितेय. नवरा आत तळमजल्याच्या दाराशी उभा आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाला जिन्याने जा म्हणून विनवतोय. काहीजण ऐकतात. कुबड्या घेऊन आलेला माणूस नऊ मजले कसा चढणार? वॉचमन भला आहे, त्याने दोनदा येऊन सांगितलं, वहिनी, कमिटीने तुम्हाला दोघांना बाहेर काढायला सांगितलंय, मी अजून तासभर बघितलं नाही असं करतो. दारावरचा आकडा मला इथून दिसतो. आत्ता नऊवर आहे. आत्ता आठ.

लायनर तुमच्या गोदामात पडून आहेत. बदलायला अर्धा दिवस लागतो, माझा नवरा नोटीस खिशात ठेवून बदलायला तयार आहे. मला माफी नको, चौकशी नको, पासवर्डही नको. ती लिफ्ट तुम्ही आज किती वाजता बंद करताय, साहेब? किती वाजता, ते आकड्यात सांगा. सांगा.